दोन घरचे मीठ: ‘दि अमेरिकन्स’मधील निष्ठांचे धर्मसंकट

खाल्ल्या मिठाला जागावे, ही आपल्याकडची निष्ठेची सर्वांत जुनी आणि सर्वांत सोपी व्याख्या आहे. मीठ खाऊन उलटतो तो नमकहराम, शत्रूला आतून मिळतो तो फितूर आणि घरातले बाहेर नेतो तो घरभेदी. या शब्दांमध्ये शंकेला जागाच नाही, कारण माणूस एकाच घरचे मीठ खातो असे ते सगळे गृहीत धरून चालतात. पण एखादा माणूस पंधरा-वीस वर्षे दोन घरचे मीठ खात असेल आणि ती दोन घरे एकमेकांच्या जिवावर उठलेली असतील, तर त्याने कोणत्या मिठाला जागावे? ‘दि अमेरिकन्स’ ही अमेरिकी दूरचित्रवाणी मालिका सहा पर्वे आणि 75 भाग हाच एक प्रश्न विचारत राहते. 30 जानेवारी 2013 ते 30 मे 2018 या काळात ती एफएक्स वाहिनीवर दाखवली गेली. तिच्यातली नैतिक कोंडी नेमकी कशी रचलेली आहे, हे उलगडून सांगण्यासाठी हा लेख आहे, आणि त्यासाठी कथानक शेवटापर्यंत सांगणे भाग आहे.

कथा 1981 मध्ये, रोनाल्ड रेगन नुकतेच अध्यक्ष झाले असताना सुरू होते. वॉशिंग्टनजवळ, व्हर्जिनियातील फॉल्स चर्च या उपनगरात फिलिप आणि एलिझाबेथ जेनिंग्स हे जोडपे राहते. त्यांची प्रवास कंपनी आहे, पेज आणि हेन्री ही दोन मुले आहेत, आणि शेजारपाजाऱ्यांशी त्यांचे येणे-जाणे आहे. प्रत्यक्षात दोघेही केजीबी या सोव्हिएत गुप्तहेर संघटनेचे अधिकारी आहेत. त्यांची नावे, त्यांचे बालपण आणि त्यांचे लग्न, सारे संघटनेने ठरवून दिलेले आहे. मुलांना यातले काहीही ठाऊक नाही. पहिल्याच भागात समोरच्या घरात स्टॅन बीमन राहायला येतो. तो एफबीआयमध्ये आहे, आणि सोव्हिएत हेर शोधून काढणे हेच त्याचे काम आहे.

येथे हेरगिरीच्या व्यवहारातली एक गोष्ट समजून घ्यायला हवी, कारण पुढची सगळी कोंडी तिच्यातूनच निर्माण होते. बहुतेक हेर दुसऱ्या देशात आपल्या दूतावासाचे कर्मचारी म्हणून राहतात. ते पकडले गेले तर त्यांना राजनैतिक संरक्षण असते, त्यामुळे त्यांना देशाबाहेर घालवण्यापलीकडे यजमान देश फारसे काही करू शकत नाही. सोव्हिएत संघटनेत ज्यांना ‘इल्लीगल’ म्हणत, त्यांना हे कवच नसते. ते त्या देशातलेच सामान्य नागरिक होऊन राहतात, पुष्कळदा लहानपणीच वारलेल्या कोणाच्या तरी नावावर. पकडले गेले की समोर तुरुंग. दूतावासातला हेर संध्याकाळी आपल्या माणसांत परततो, आपली भाषा बोलतो, आपले सण साजरे करतो. इल्लीगल हेराला परतायला घर नसते. ज्या घरात तो वेश पांघरून राहतो तेच त्याचे घर असते, आणि तिथली मुले खरोखरच त्याची असतात. संघटनेने त्याला सांगितलेले असते की हे सारे सोंग आहे. पण तापाने फणफणलेल्या मुलाच्या उशाशी रात्रभर बसण्याचे सोंग कोणाला आणता येत नाही.

ही गोष्ट निव्वळ कल्पनेतली नाही. जून 2010 मध्ये अमेरिकेत अशा दहा रशियन हेरांना अटक झाली आणि 9 जुलै 2010 रोजी व्हिएन्नाच्या विमानतळावर चार कैद्यांच्या बदल्यात त्यांना परत पाठवण्यात आले. त्यांपैकी आंद्रेई बेझ्रुकोव्ह आणि येलेना वाविलोव्हा हे दांपत्य मॅसॅच्युसेट्समध्ये परक्या नावांनी राहत होते. टोरांटोत जन्मलेली त्यांची दोन मुले स्वतःला कॅनडाची समजून वाढली होती. त्यांच्या नागरिकत्वाचा प्रश्न कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि डिसेंबर 2019 मध्ये निकाल धाकट्या मुलाच्या बाजूने लागला. मालिकेचे निर्माते जो वाइसबर्ग हे स्वतः 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला सीआयए या अमेरिकी गुप्तचर संस्थेत होते. त्यामुळे पाठलाग आणि झटापटी यांच्याइतकेच लक्ष ते ‘रात्री घरी येऊन बायकोला काय सांगायचे’ या प्रश्नाकडे देतात, याचे नवल वाटत नाही.

आता धर्मसंकट म्हणजे काय, हे नीट पाहू. ‘इकडे आड, तिकडे विहीर’ असे आपण म्हणतो तेव्हा दोन्हीकडे धोका आहे एवढेच सांगत असतो. तो धोका टाळता आला, म्हणजे आडाला आणि विहिरीला वळसा घालून जाता आले, तर प्रश्न संपतो आणि मागे काही उरत नाही. धर्मसंकटात दोन्हीकडे धोका नसून दोन्हीकडे देणे असते. एकाचे देणे फेडले की दुसऱ्याचे बुडते, आणि बुडवलेले देणे ‘माझा नाइलाज होता’ असे म्हटल्याने माफ होत नाही. मोहाला बळी पडणाऱ्या माणसाला योग्य काय ते ठाऊक असते, त्याला ते जमत नाही. धर्मसंकटात सापडलेल्या माणसाला सगळे जमत असते, फक्त काहीही केले तरी तो कोणाचा तरी अपराधी ठरतो. या मालिकेतली जवळजवळ प्रत्येक महत्त्वाची व्यक्ती या दुसऱ्या जागी उभी आहे.

फिलिप आणि एलिझाबेथ यांच्यातला फरक पहिल्या भागातच दिसतो. सोव्हिएत संघटनेतून फुटून अमेरिकेला मिळालेला एक अधिकारी पळवून आणून त्यांनी मोटारीच्या डिकीत बांधून ठेवलेला असतो, आणि स्टॅन समोर राहायला आलेला असतो. फिलिप बायकोला म्हणतो की आता आपणच अमेरिकेच्या स्वाधीन होऊ, मुलांना चांगले आयुष्य मिळेल. एलिझाबेथला हे ऐकवतही नाही. त्या डिकीतल्या माणसाने प्रशिक्षणाच्या काळात तिच्यावर बलात्कार केला होता, हे फिलिपला कळते तेव्हा तो एका क्षणात स्वाधीन होण्याचा विचार सोडून त्या माणसाला ठार करतो. या एका कृतीत फिलिप पूर्ण समजतो. त्याची निष्ठा माणसांशी आहे. देश त्याच्यासाठी माणसांच्या रूपाने येतो आणि माणसांबरोबरच हळूहळू दूरही जातो. एलिझाबेथची निष्ठा एका ध्येयाशी आहे. युद्धाने उद्ध्वस्त झालेल्या देशात, आईबरोबर हलाखीत काढलेले बालपण तिच्या मनात जिवंत आहे, आणि आपण झिजलो तर आपल्यासारख्या मुलांचे भले होईल यावर तिचा मनापासून विश्वास आहे. मला स्वतःला मालिकेचे मोठेपण यात वाटते की ती एलिझाबेथला माथेफिरू ठरवत नाही आणि फिलिपलाही डळमळीत ठरवत नाही.

ध्येयावरच्या निष्ठेचा हिशेब असा असतो: आज एकाचा जीव गेला, पण त्यामुळे उद्या लाखो जीव वाचणार असतील, तर ते कृत्य समर्थनीय आहे. नीतिशास्त्रात याला परिणामवाद म्हणतात. हा हिशेब मुळात चुकीचा आहे असे सरसकट म्हणता येत नाही. साथीच्या काळात, दुष्काळात, लढाईत शासनांना तो करावाच लागतो. पण त्यात दोन कच्चे दुवे आहेत, आणि मालिका ते दोन्ही अतिशय थंडपणे दाखवते.

पहिला दुवा हा की परिणाम आधी ठाऊक नसतो. पाचव्या पर्वात दोघांना सांगण्यात येते की सोव्हिएत धान्याचा नाश करण्यासाठी अमेरिका गव्हावर पडणारी कीड वाढवत आहे. भूक काय असते हे दोघांनीही सोसलेले आहे, त्यामुळे दोघेही पेटून कामाला लागतात आणि त्या तपासात एका प्रयोगशाळेतल्या तरुणाचा जीव घेतात. नंतर कळते की ती कीड, किडीला दाद न देणारा गहू तयार करण्यासाठी वाढवली जात होती. ज्या भुकेच्या विरोधात त्यांनी खून केला, त्याच भुकेच्या विरोधात तो तरुण काम करत होता. फिलिप यानंतर पूर्वीसारखा होत नाही.

दुसरा दुवा अधिक खोल आहे. हिशेबात जीव एक आकडा असतो, पण ज्याचा जीव घ्यायचा तो समोर खुर्चीवर बसून बोलत असतो. तिसऱ्या पर्वात एफबीआयच्या कार्यालयात टपाल फिरवणारे यंत्र दुरुस्तीला आलेले असते, आणि त्यात ध्वनिग्राहक बसवण्यासाठी हे दोघे रात्री त्या दुकानात शिरतात. तिथे बेटी नावाची वृद्ध स्त्री एकटीच हिशेबाच्या वह्या लिहीत बसलेली सापडते. तिने पाहिलेले आहे, म्हणून तिला जिवंत सोडता येत नाही. एलिझाबेथ तिच्याशी बराच वेळ बोलते, तिच्या वारलेल्या नवऱ्याच्या आठवणी ऐकते, आणि मग तिच्याच हृदयविकाराच्या गोळ्या एकेक करून तिला घ्यायला लावते. मला मारल्याने जग सुधारेल असे तुला वाटते का, असे बेटी विचारते. एलिझाबेथ दिलगिरीने हो म्हणते. वाईट माणसे वाईट करताना स्वतःला हेच सांगत असतात, असे बेटी शांतपणे सुनावते. एलिझाबेथकडे त्यावर उत्तर नसते, आणि त्या रात्री ती रडते. तरीही काम ती पूर्ण करते.

मग माणसांवरची निष्ठा अधिक नितळ म्हणावी का? फिलिप आणि मार्था यांची कथा पाहिली की तसेही म्हणवत नाही. मार्था ही एफबीआयमधल्या वरिष्ठाची सचिव, एकटी आणि प्रेमाला आसुसलेली. फिलिप ‘क्लार्क’ नावाने, डोक्यावर केसांचा टोप आणि डोळ्यांवर चष्मा चढवून, तिच्या आयुष्यात येतो. आपण एफबीआयच्याच अंतर्गत चौकशी विभागात आहोत असे तिला भासवतो आणि तिच्याशी लग्न करतो. हे तंत्र शीतयुद्धात खरोखर वापरले गेले. पूर्व जर्मनीच्या हेरखात्याने पश्चिम जर्मनीच्या राजधानीतल्या, म्हणजे बॉनमधल्या, सरकारी कार्यालयांतील अविवाहित स्त्रियांकडे पुरुष हेर पाठवण्याची पद्धतच पाडली होती. 1967 मध्ये बॉनमधील अशाच एका सचिवाने, आपल्या पतीने सोव्हिएत हेरखात्याच्या सांगण्यावरून आपल्याशी लग्न केले हे कळल्यावर, कोठडीत आत्महत्या केली.

क्लार्कचे लग्न खोटे आहे. परंतु फिलिप मार्थाकडे वर्षानुवर्षे जातो, तिच्या हातचे जेवतो, तिचे दुखले-खुपले ऐकतो. तिथेही मीठ खाल्ले जातेच. तिने वरिष्ठाच्या खोलीत ठेवलेला ध्वनिग्राहक सापडतो आणि संशय तिच्यावर येऊ लागतो, तेव्हा तिला वाचवण्यासाठी फिलिप त्याच कार्यालयातल्या जीन नावाच्या संगणक तंत्रज्ञाला मारतो आणि ती आत्महत्या भासवून दोष त्याच्या माथी मारतो. जीनने कोणाचे काहीही बिघडवलेले नव्हते. हे बारकाईने पाहण्यासारखे आहे, कारण आपल्या माणसासाठी काहीही करण्याची वृत्ती आपल्याला सहसा लोभस वाटते. मात्र त्या ‘काहीही’ची किंमत नेहमी तिसराच कोणीतरी मोजतो. एलिझाबेथ जगाच्या भल्यासाठी बेटीला मारते, फिलिप मार्थाच्या भल्यासाठी जीनला मारतो. मरणाऱ्याच्या जागी उभे राहून पाहिले तर या दोन निष्ठांमध्ये काय फरक उरतो? शेवटी मार्थालाही पहाटेच्या अंधारात विमानात बसवून सोव्हिएत संघात पाठवले जाते. आयुष्यभराची भाषा, आई-वडील, देश, सगळे मागे टाकून ती मॉस्कोत एकटी राहते.

समोरच्या घरातला स्टॅनही या जाळ्याबाहेर नाही. सोव्हिएत दूतावासातली नीना ही कारकून छोट्याशा काळ्या व्यवहारात सापडते आणि स्टॅन तिला धमकावून आपली हस्तक करतो. पुढे ती हे आपल्या वरिष्ठांपुढे कबूल करते आणि उलट स्टॅनवरच सोडली जाते. तोवर स्टॅन तिच्यात गुंतलेला असतो. दुसऱ्या पर्वाच्या अखेरीस त्याच्यापुढे सरळ सौदा ठेवला जातो: रडारला न दिसणाऱ्या विमानांशी निगडित अमेरिकी प्रणाली दे, म्हणजे नीना वाचेल. स्टॅन देशाच्या बाजूने कौल देतो. नीना मायदेशी खटल्यासाठी पाठवली जाते आणि चौथ्या पर्वात तिला गोळी घातली जाते. स्टॅनने कायद्याने योग्य तेच केले, आणि तरीही नीनाचे देणे त्याच्या अंगावर राहिले. पुढे सीआयए ओलेग बुरोव या सोव्हिएत अधिकाऱ्याला कोंडीत पकडू पाहते. याच ओलेगने, आपल्या स्वतःच्या देशाच्या हाती भयंकर जैविक अस्त्र पडू नये म्हणून, स्टॅनला माहिती दिलेली असते. त्या वेळी स्टॅन आपली नोकरी आणि स्वातंत्र्य पणाला लावून सीआयएला अडवतो. जुने देणे फेडण्याची ती धडपड आहे, असे मला वाटते.

मुलांच्या वाट्याला आलेली कोंडी मला सर्वांत क्रूर वाटते, कारण ती त्यांनी निवडलेलीच नाही. संघटनेच्या मॉस्कोतल्या मुख्यालयाला पेज हवी असते. अमेरिकेतच जन्मलेली मुलगी सरकारी नोकरीत शिरली तर कोणाला संशय येणार नाही. एलिझाबेथला हा मुलीचा सन्मान वाटतो, फिलिपला तो तिचा घात वाटतो. तिसऱ्या पर्वात आई-वडील पेजला खरे सांगतात. त्या क्षणापासून पेजला खरे बोलायचे तर आई-वडिलांना तुरुंगात धाडावे लागते आणि आई-वडिलांना जपायचे तर रोज खोटे बोलावे लागते. 8 मार्च 1983 रोजी रेगन दूरचित्रवाणीवर सोव्हिएत संघाला दुष्ट साम्राज्य म्हणत असताना, वरच्या खोलीत ही मुलगी आपल्या पाद्र्याला फोन करून सगळे सांगून टाकते. सत्य सांगावे, असेच प्रत्येक घरात मुलांना शिकवतात.

शेवटच्या पर्वात कोंडीचे स्वरूप बदलते, आणि माझ्या मते मालिका इथे सर्वांत प्रगल्भ होते. 1987 चा शेवट आहे. मिखाईल गोर्बाचेव्ह अण्वस्त्रे कमी करण्याच्या वाटाघाटींसाठी वॉशिंग्टनला येणार आहेत. फिलिपने हेरगिरी सोडलेली आहे, एलिझाबेथ एकटी काम करत थकत चालली आहे. अशा वेळी ओलेग फिलिपकडे येतो आणि सांगतो की संघटनेतला एक गट गोर्बाचेव्ह यांना पाडू पाहतो आहे, आणि त्यासाठी एलिझाबेथचा तिच्या नकळत वापर होतो आहे. तेव्हा तू तुझ्या बायकोवर नजर ठेव. देशासाठी बायकोशी फितुरी करायची की बायकोसाठी देशाशी? फिलिप काही काळ ओलेगला माहिती देतो, आणि नंतर न राहवून तिला स्वतःच सांगून टाकतो. एलिझाबेथ संतापते. पण त्यातूनच तिच्यापुढे तो प्रश्न उभा राहतो जो तिने वीस वर्षे स्वतःला विचारलेला नव्हता: आपण ज्या देशासाठी सारे केले, तो देश म्हणजे नेमके कोण? मॉस्कोत बसलेला नेता, त्याला पाडू पाहणारे सेनापती, आदेश घेऊन येणारी क्लॉडिया, की लहानपणी पाहिलेली ती उपाशी माणसे? वाटाघाटी करणाऱ्या सोव्हिएत प्रतिनिधीला ठार मारण्याचा आदेश ती धुडकावते आणि त्याला वाचवण्यासाठी आपल्याच संघटनेतल्या स्त्रीवर गोळी झाडते. संघटनेच्या दृष्टीने ही फितुरी आहे, आणि तिच्या दृष्टीने पहिल्यांदाच पूर्ण डोळे उघडे ठेवून पाळलेली निष्ठा. दोन्ही गोष्टी एकाच गोळीत खऱ्या आहेत.

आणि मग शेवटच्या भागातला वाहनतळ. फिलिप, एलिझाबेथ आणि पेज पळून जाण्यासाठी मोटारीकडे जात असताना समोर स्टॅन पिस्तूल रोखून उभा राहतो. जवळजवळ दहा मिनिटे चार माणसे नुसती बोलतात. सुरुवातीला फिलिप सवयीने खोटे बोलतो, मग थांबतो आणि खरे बोलू लागतो. तू माझा एकमेव मित्र होतास, हे तो स्टॅनला सांगतो, आणि ते खरे आहे. त्या मैत्रीच्या आड तो वर्षानुवर्षे स्टॅनला फसवत होता, हेही खरे आहे. स्टॅनच्या हातात पुन्हा नीनाच्या वेळचाच तराजू आहे, एका पारड्यात कर्तव्य आणि दुसऱ्यात माणूस. गोर्बाचेव्ह यांच्या विरुद्धच्या कटाची बातमी मायदेशी पोहोचली पाहिजे, असेही ते दोघे त्याला सांगतात, म्हणजे त्यांना सोडण्याला जगाच्या हिताचा आधारही आहे. स्टॅनने त्यांना त्या आधारावर सोडले की मैत्रीखातर सोडले, हे मालिका सांगत नाही. तो फक्त बाजूला होतो. निघताना फिलिप त्याला आणखी एक गोष्ट सांगतो. तुझी बायको रिने हीसुद्धा आमच्यातली असू शकेल, मला खात्री नाही. मित्र म्हणून हे सांगणे त्याचे कर्तव्य होते, आणि ते सांगून त्याने मित्राच्या घरातली झोप कायमची घालवली.

हेन्रीला ते मागे सोडतात, कारण तो न्यू हॅम्पशायरच्या शाळेत आहे आणि पूर्णपणे अमेरिकी आहे. कॅनडाच्या सीमेआधी पेज गाडीतून उतरून फलाटावर उभी राहते, आणि सुटलेल्या गाडीच्या खिडकीतून एलिझाबेथला ती दिसते. फिलिप आणि एलिझाबेथ मॉस्कोच्या दिव्यांकडे पाहत उभे राहतात, आणि एलिझाबेथ कित्येक वर्षांनी मोकळेपणाने रशियन बोलत म्हणते की होईल सवय.

हेन्रीला खरे सांग, त्याचा तुझ्यावर जीव आहे, एवढे मात्र फिलिपने वाहनतळातच स्टॅनला सांगून ठेवलेले असते. स्टॅन मोटार घेऊन न्यू हॅम्पशायरला जातो, हॉकीच्या मैदानाजवळ त्या मुलाला गाठतो आणि त्याच्याशी बोलतो. ते शब्द आपल्याला ऐकू येत नाहीत. दुरून फक्त मुलाची मान खाली गेलेली दिसते, आणि त्याच्याजवळ थांबलेला तो माणूस, ज्याने त्याच्या आई-वडिलांना जाऊ दिले होते.